पेन ड्राइव्ह फॉरमॅट करण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गड्डा यात्रेचे किंवा लग्नाचे चित्रीकरण पेन ड्राइव्हवर घेताना जागा शिल्लक असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश आला, की अनेक जण ड्राइव्ह खराब समजून नवा विकत घेतात. वास्तविक अडचण फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टीमची, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीची असते, कारण तिच्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावतच नाही.

विंडोज आणि मॅक दोन्हींवर मोठ्या फाइली न्यायच्या असतील, तर ड्राइव्ह फॉरमॅट करताना मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेली एक्सफॅट ही फाइल सिस्टीम निवडणे सोयीचे आहे. मात्र तिच्यात बदलांची नोंद ठेवणारे जर्नल नसल्यामुळे, लिहिणे चालू असताना ड्राइव्ह उपसला किंवा वीज गेली (आणि आपल्याकडे ती जातेच) तर फाइलींची मांडणी बिघडण्याचा धोका अधिक राहतो. म्हणूनच चादरी-टॉवेलांची जेकार्ड डिझाइने ज्या विंडोज संगणकावर कायम साठवली जातात, त्याच्या डिस्कसाठी जर्नल असलेली विंडोजची एनटीएफएस हीच फाइल सिस्टीम योग्य. लिनक्स असल्यास तशीच जर्नल असलेली ईएक्सटी४. अर्थात जर्नल मांडणी सावरते, पुसलेले डिझाइन परत देत नाही, तेव्हा दुसरी प्रत हवीच. एनटीएफएसचा ड्राइव्ह मॅकवर वाचता येतो, पण वेगळ्या सॉफ्टवेअरशिवाय त्यावर लिहिता येत नाही. अनेक जुन्या टीव्हींना मात्र फॅट३२च चालते.

शहरातील विक्रेत्यांनी ड्राइव्ह देताना तो कोठे वापरणार एवढे ग्राहकाला विचारावे आणि फॉरमॅट केल्यास आतील माहिती पुसली जाते हे आधी स्पष्ट सांगावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर