सुमारगडाची वाट जपून

महोदय,

दिवाळीनंतरच्या वादळी पावसानं खेड तालुक्यातल्या रसाळगड-सुमारगड-महिपतगड वाटेची पार दैना केली आहे. परवा मी रसाळगडाहून निघालो. सुमारगडाच्या अलीकडे रानात ऐनाची दोन झाडं वाटेवर आडवी पडली आहेत. त्यांना वळसा घालताना ढोरवाटांत माणूस हमखास चुकतो. गडाखालच्या आडव्या वाटेवर तर फार जपायला हवं. माती वरून कोरडी, बोट खुपसलं तर आत लोण्यासारखी, आणि तिच्यावर वाळकं गवत. माझा पाय तिथंच सटकला. कारवीच्या बुंध्यानं तारलं. पाऊस संपला म्हणून निर्धास्त येणाऱ्या मुलांना हे कोण सांगणार? वाट मोकळी होईपर्यंत वाडीतला वाटाड्या घ्याच. दुपारी तीननंतर सुमारगड चढू नका, हल्ली सहाला सूर्य बुडतो.

– एक डोंगरभटक्या, खेड (जि. रत्नागिरी)