विहिरीतला लाल पट्टा

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा मामाबरोबर पोलादपूरला लग्नाला गेलो होतो. महाबळेश्वर सोडून आंबेनळी घाट उतरायला लागलो. एका वळणावर रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथे मला आपल्या विहिरीतला लाल पट्टा दिसला. मी गाडीच थांबवायला लावली.

आपली विहीर खोदली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, त्यात पांढऱ्या गारगोट्या. पुढे काळा पाषाण लागला, तो सुरुंगाशिवाय हलेना. आणि सहा परस, म्हणजे सहा पुरुष खोलीवर, यारीच्या बादलीतून एकदम लाल माती वर आली, विटेसारखी भाजलेली. तिच्या ढेकळांनी तू अंगणभर रेघोट्या मारल्या होत्यास. एवढा पाषाण फोडल्यावर खाली पुन्हा माती कशी, हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नाही.

मामा शाळेत भूगोल शिकवतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, हा सगळा सह्याद्री लाव्हाचा आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा पसरला आणि थिजला. त्यावर दुसरा लोट, मग तिसरा. महाबळेश्वरकडे या थरांची जाडी किलोमीटरच्या वर आहे. झीज होऊन आज उरलाय तो भागही जवळजवळ 5 लाख चौरस किलोमीटर. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराचा उतार, म्हणून आपले डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात. गारगोट्याही त्यातल्याच. थिजताना लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजं त्या पोकळ्यांत साठली.

हे सगळं ऐकत होतो, पण माझा जीव त्या पट्ट्यात अडकला होता. दोन लोटांच्या मध्ये फार मोठा विसावा गेला की वरचा खडक ऊन-पावसाने कुजून त्याची माती होते. त्यातलं लोखंड गंजून लाल पडतं. मग पुढचा लोट येतो आणि ती माती भाजून काढतो. म्हणजे तो पट्टा ही एके काळची उघडी जमीन गं! तिच्यावर पाऊस पडत होता, आणि नांगर धरायला पृथ्वीवर माणूसच नव्हता. मी बोटाने खरवडलं, नखात माती आली. इतकी वर्षं शेती केली, पण अशी माती हाताला लागल्याचं कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मामा म्हणतो, आपल्या विहिरीतला पट्टा हाच असेल असं नाही, सह्याद्रीत असे कितीतरी आहेत. असू देत.

वैशाखात पाणी खाली गेलं की आपला पट्टा उघडा पडतो. तू सुट्टीला आलीस की दोघं पायऱ्यांनी उतरू आणि तो किती बोटं जाड आहे ते मोजू. घाटातलं एक ढेकूळ तुझ्यासाठी देवळीत ठेवलंय. आईला त्याला हात लावू दिलेला नाही.

तुझे,
बाबा