अण्णा, इथं लोक पैसे भरून कोळसा टाकतात

स्टोक-ऑन-ट्रेंट,
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप अण्णा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर अण्णांना नीट ऐकू येत नाही, मग मी आवाज चढवते आणि आईला वाटतं मी रागावले. म्हणून लिहिते आहे. चिऊकडून वाचून घ्या. अडखळली तरी तिलाच वाचू द्या, मराठी सुटत चाललंय तिचं.

आधी आईच्या शंका. आवाज बसला होता तो सर्दीनं, हॉस्पिटलमध्ये माझ्या वॉर्डात कामावरच्या सगळ्यांनाच झाली होती. आता बरी आहे. वजन उतरलेलं नाही, मोबाइलवर तसं दिसतं. ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी करते. रात्रपाळीहून बसनं येते, स्टॉपपासून घर चार मिनिटांवर आहे आणि रस्त्यावर दिवे आहेत. सुट्टीच्या दिवशी ही कुठं भटकते, असं आत्या म्हणाली ते दादानं सांगितलं मला. मी भटकत नाही. रेल्वे बघायला गेले होते, आणि अण्णांसाठीच गेले होते.

वाफेची रेल्वे, कोळशावरची.

इथली एक गोष्ट तीन वर्षं झाली तरी मला पुरती उमगलेली नाही. जमेल तशी सांगते. या इंग्लंडात रेल्वे सुरू झाली त्याला गेल्याच महिन्यात २०० वर्षं झाली. स्टॉक्टन-डार्लिंग्टनची पहिली गाडी २७ सप्टेंबर १८२५ ची. पण कोळशाची इंजिनं यांनी कधीच मोडीत काढली. ११ ऑगस्ट १९६८ ला सरकारी रेल्वेनं मोठ्या लायनीवरची शेवटची खास गाडी लिव्हरपूलहून कार्लाइलपर्यंत नेऊन आणली आणि दुसऱ्या दिवसापासून बंदी घातली. अण्णा तेव्हा इंजिनावरचे फायरमन सोडा, शेडमध्ये क्लिनर म्हणूनसुद्धा लागले नव्हते. त्याच्या आधी १९६३ साली सरकारी रेल्वेचे अध्यक्ष डॉ. बीचिंग यांनी अहवाल दिला होता, की दोन हजारांहून जास्त स्टेशनं आणि सुमारे पाच हजार मैल लाइन परवडत नाही, बंद करा. गावंच्या गावं तुटली.

मग लोकांनी वर्गण्या काढल्या. वेल्समध्ये बॅरी म्हणून बंदराचं गाव आहे. तिथल्या भंगाराच्या आवारात खाऱ्या वाऱ्यात गंजत पडलेली २१३ इंजिनं लोकांनी एकेक करत सोडवून आणली. बंद लायनी घेतल्या, रूळ टाकले, स्टेशनं रंगवली. आता शाळामास्तर, बँकेतले कारकून, डॉक्टर, पेन्शनर शनिवार-रविवारी डगला चढवून येतात आणि इंजिन पुसतात, राख काढतात, सिग्नल ओढतात, तिकिटं देतात. पगार एक पैसा नाही. मी दोनदा विचारून खात्री केली. आणि याहून नवल म्हणजे बाहेरचा माणूस शेकडो पौंड भरून एक दिवस फायरमन होतो. पैसे भरतो, अण्णा, कोळसा टाकायला! वाढदिवसाला बायको नवऱ्याला हे भेट देते. तो काळा होऊन, घामानं निथळत उतरतो आणि तसाच फोटो काढून घेतो. ज्यांना तेवढं परवडत नाही ते पावसात पुलावर उभे राहतात, थर्मासमधला चहा घेत, आणि गाडी आली की इंजिनाचा नंबर वहीत टिपतात. त्या नंबराचं पुढं काय करतात? काही नाही, वही जपून ठेवतात. आमच्या वॉर्डात एक आजोबा होते, त्यांना विचारलं. म्हणाले, लहानपणी वर्षातून एकदा समुद्रावर जायचो ते याच गाडीनं, तो वास आला की आई डब्यात शेजारी बसल्यासारखी वाटते. एवढं मात्र मला कळलं. मला तो वास आला की मागच्या दारात कपडे बदलणारे अण्णा दिसतात.

माझ्या घरापासून जवळच चर्नेट व्हॅली नावाची अशी लाइन आहे. ओढ्याकाठानं, झाडीतून जाते. कॉन्सल स्टेशनात जागा इतकी अरुंद की वेटिंग रूम निम्मी कालव्यावर लोंबकळते. आम्ही चेडलटनच्या फलाटावर होतो. इंजिनावर असाच एक हौशी माणूस फायरमन झाला होता. त्यानं फावडं भरभरून दारातच ढीग घातला आणि धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघाला. माझ्या तोंडून मराठीतच निघून गेलं, "आग जाड झाली!" आई, आठवतं का, चुलीशी तू लाकडं कोंबलीस की अण्णा म्हणायचे, आग पातळ ठेव, काळा धूर म्हणजे पैसा जळतोय. इतक्यात म्हातारे ड्रायव्हर त्या माणसाला तेच सांगायला लागले: थोडं टाक, मागच्या कोपऱ्यांत टाक, दार लगेच लाव. त्यानं तसं केलं. दोन मिनिटांत धूर करडा झाला, मग दिसेनासाच झाला. मला भरून आलं.

गाडी थांबली तेव्हा मी त्या ड्रायव्हरना सांगितलं की माझे वडील फायरमन होते. कुठल्या रेल्वेत, त्यांनी विचारलं. म्हटलं, तुम्हाला माहीत नसेल, बार्शी लाइट. त्यांनी हातातली तेलाची झारी खाली ठेवली. म्हणाले, बार्शी? कॅलथ्रॉपची बार्शी? आणि मग विचारतच सुटले. प्रेशर किती ठेवायचे? कोळसा कुठल्या खाणीचा? बॉयलरला पाणी देणारा इंजेक्टर अडला तर काय करायचे? अण्णा, मला एकाचंही उत्तर आलं नाही. रात्री दोनला ड्यूटीवर बोलवायला कॉलबॉय दार वाजवायचा ते आठवतं, ड्यूटीवर न्यायची पेटी, तो लाइन बॉक्स आठवतो, तुमच्या डाव्या हातावरचा भाजल्याचा डाग आठवतो. तो डाग कशानं पडला हे मी कधी विचारलं नाही. शाळेत मैत्रिणींना 'वडील रेल्वेत आहेत' एवढंच सांगायचे, फायरमन म्हणायचे नाही. आज लिहिताना लाज वाटते.

त्यांनीच सांगितलं, हल्म एंडला जा. गेल्या रविवारी जाऊन आले. नीट ऐका, कारण हे आपल्या घरचं आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप म्हणजे बार्शी लाइट बांधणारे साहेब. जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला आले होते. कुर्डुवाडी-बार्शी लाइन त्यांनी १८९७ ला सुरू केली, अडीच फुटी, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. त्यांचा हट्ट असा की इंजिन असो वा वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये. म्हणून पहिल्या इंजिनांना एकमेकांना जोडलेली आठ-आठ चाकं, भार विभागून जावा म्हणून. ती इंजिनं लीड्सच्या किट्सन कारखान्यात झाली आणि बोटीत चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूलेला खास रूळ टाकून पळवून बघितली. लाइन पुढं पंढरपूर, लातूर, मिरजेला गेली ते तुम्हाला मी काय सांगू!

बार्शीत जमलं म्हणून तेच कॅलथ्रॉप इथं, माझ्या या जिल्ह्यात, तशीच अडीच फुटी लाइन उभारायला आले. लीक आणि मॅनिफोल्ड लाइट रेल्वे, वॉटरहाउसेस ते हल्म एंड, जेमतेम आठ मैल, १९०४ साली सुरू. इंजिनं परत किट्सनचीच, दोनच, एकाचं नाव ई. आर. कॅलथ्रॉप. पुढं मोठा दिवा, आपल्याकडं असायचा तसा. डबे पिवळसर. खोऱ्यातून दूध जायचं. पुढं दूध मोटारीनं जायला लागलं आणि मार्च १९३४ मध्ये लाइन बंद पडली, इंजिनं मोडली. रुळांच्या जागी आता डांबरी वाट आहे, लोक पोरांना घेऊन सायकली चालवतात. मी त्या वाटेनं चार मैल चालले. दोन्हीकडं चुनखडीचे डोंगर, खाली नदी. म्हणजे आधी बार्शी आणि मग इंग्लंड, असा प्रवास आहे हा. शाळेत आम्हाला उलटाच शिकवला होता. आणि आपली गाडी, जिच्या टपावर बसून वारकरी आषाढीला जायचे, ती यांच्यापेक्षा किती वर्षं जास्त चालली!

यॉर्कच्या रेल्वे म्युझियमलाही गेले होते. तिथं मॅलर्ड आहे, ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल धावलेलं, वाफेच्या इंजिनाचा जगातला विक्रम. पुष्कळ जण नळीसारखं निळं इंजिन बघून पुढं सरकतात. मी नावांपाशी थांबले. ड्रायव्हर जो डडिंग्टन आणि फायरमन टॉमी ब्रे. फायरमनचं नावसुद्धा ठेवलंय, अण्णा. म्हणून माझं एक ऐका. तुम्हाला आठवेल ते सगळं चिऊला सांगा, ती वहीत लिहील. कोळसा, पाणी कुठं घ्यायचात, बरोबर कोण कोण असायचं, सगळं. "त्यात काय सांगायचं" असं म्हणू नका.

आता राहिलेलं पटापट लिहिते, कागद संपत आला. दिवाळीला येता येत नाही. रजा मागितली होती, वॉर्डात माणसं कमी आहेत. फेब्रुवारीत नक्की, तिकीट काढते. आई, फराळ पाठवू नकोस, टपालखर्च फार होतो. दादाच्या खात्यावर दीड लाख टाकलेत, त्यातले स्लॅबचे वेगळे ठेवा आणि अण्णांच्या मोतीबिंदूचं आधी करून घ्या. माझी वाट बघत थांबू नका. मी नर्स असून तुमच्या ऑपरेशनला तिथं नसणार, याचं मला काय वाटतं ते लिहीत नाही.

पंढरपूरच्या स्थळाला नाही म्हणून कळवा. मुलात खोट नाही. मी वर 'आम्ही' लिहिलंय ते आईच्या लक्षात आलंच असेल. आमच्याच वॉर्डात आहे, केरळचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पत्रासोबतचा हल्म एंडचा फोटो त्यानंच काढलाय. फेब्रुवारीत त्याला घेऊन यायचं का, ते तुम्ही सांगाल तसं. आत्याला इतक्यात सांगू नका. मला फोनवर हे बोलता आलं नसतं, आणि तुम्हाला अंधारात ठेवून तिकीटही काढवेना.

वहिनीला नमस्कार, चिऊला पापा. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
नंदा

ता.क. अण्णा, त्या ड्रायव्हरना मी उत्तर कळवते म्हणून सांगून आले आहे. निदान प्रेशर किती ठेवायचात, तेवढं लगेच कळवा.