रविवारी खंड्या (किंगफिशर पक्षी) बघायला कळंब्याला

मंडळी, रविवारी सकाळी ६.३० ला कळंबा तलावाच्या बांधावर जमायचं. रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांची वर्दळ फार, म्हणून या वेळी तिकडं नको.

पाण्यावर वाकलेल्या फांद्या आधी बघा. छोटा निळा खंड्या तिथंच दबा धरून बसतो. काळा-पांढरा कवड्या खंड्या मात्र हवेत एका जागी फडफडत राहतो, चोच खाली रोखलेली, आणि मग थेट सूर! पांढऱ्या छातीचा तर उसाच्या कडेला तारेवरही दिसेल. त्याला नाकतोडे, सरडेही चालतात.

उभ्या दरडीत बीळ दिसलं तर लांबच राहा, आत घरटं असू शकतं. फोटोसाठी हट्ट नको, हे दरवेळी सांगावं लागतं! भडक कपडे टाळा, दुर्बीण आणा. मिसळीचं नंतर बघू.