बाळाच्या सातव्या दिवशी घरी आलेल्या आशा सेविका ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

लेक आता मांडीवर ठरत नाही, उपडी पडून पुढे सरकते. तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे जाहीर पत्र.

त्या दिवशी ती सकाळपासून धड अंगावर प्यायली नव्हती. ताप नाही, रडणं नाही. "गुणी आहे हो," असं सासूबाई कौतुकानं म्हणत होत्या. तुम्ही तिच्या पोटाला हात लावलात, मग तळव्यांना. दोन्ही गार. थर्मामीटरवर ९५ दिसलं. मग घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर तिचे श्वास मोजलेत: ६८. साठ किंवा जास्त म्हणजे धोका. जंतुसंसर्गात एवढ्या लहान बाळाला ताप येतोच असं नाही, उलट अंग गार पडतं, दूध सुटतं, हे तुम्ही १०२ला फोन लावता लावता सांगितलंत. तिला टोपी घालून माझ्या उघड्या छातीशी बांधलंत आणि वाटेत ऊब सुटू देऊ नका म्हणालात.

रुग्णालयात कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्यासाठी, रक्त घेतलं. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, तेवढं थांबलं तर बाळ हातचं जातं, म्हणून अँटिबायोटिक लगेच सुरू केलं. जंतू रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतात, म्हणून पाठीतलं पाणीही तपासलं. ते स्वच्छ निघालं. रक्तात मात्र जंतू सापडले. काचेच्या पेटीशेजारी हे ऐकताना मला राहून राहून तुमचं ते घड्याळ आठवत होतं.

गावातल्याच बाईनं घरी जाऊन बाळ तपासायचं, ही रीत आपल्या गडचिरोलीत सिद्ध झाली, हे मला नंतर कळलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले. त्या जंतुसंसर्ग ओळखून घरीच जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन देत. शेजारच्या गावांच्या तुलनेत तिथले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं.

दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा भेटी, आणि साऱ्यांचे मिळून तुम्हाला २५० रुपये, असा या घरभेटींच्या सरकारी योजनेचा हिशेब. एवढ्या जोखमीच्या कामाला हे फार थोडे आहेत, आणि ते मी मिळेल तिथे बोलणार आहे.

आमच्या गल्लीत आणखी दोघींचे दिवस भरत आलेत. त्यांच्याकडे जाल तेव्हा मला हाक मारा, मी सोबत येईन. धोक्याच्या खुणा आता मलाही पाठ आहेत.

तुमची,
लेकीची आई