वर्गात २३, कागदावर १७

प्रिय सुन्या,

कसा आहेस भो? तुझे दोन मिस्डकॉल दिसले पण पाड्यावर रेंज नसते, टेकडीवर चढावं लागतं, म्हणून रात्री निवांत लिहून ठेवतोय, शनिवारी धडगावला उतरलो की सेंड होईल.

तू विचारलंस शाळा बंद होतेय हे खरं का. पूर्ण नाही रे, पहिली ते पाचवी राहील. पण सहावी ते आठवीच्या संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, आमच्यापुढे शून्य शिक्षक आलंय. १५ मार्च २०२४ चा जीआर तुला माहीतच आहे, सहावी ते आठवीचा पट २० च्या आत गेला की एकही पद मंजूर नाही. आणि आमचा पट किती? वर्गात बसतात २३. कागदावर १७. कारण पोरांचं आधार व्हॅलिड असेल तरच ते पोरगं मोजलं जातं आणि आमच्या सहा जणांचं व्हॅलिड होत नाही, कोणाचं नाव शाळेत एक आणि आधारवर दुसरं, दोघांची जन्मतारीख १ जानेवारी टाकलेली, एका पोरीचं तर आधारच निघालेलं नाही. ती पोरगी रोज पहिल्या बाकावर बसते, धाकट्या भावाला मांडीवर घेऊन अपूर्णांक सोडवते. परवा मी भाकरीचे तुकडे करून समच्छेद शिकवत होतो तर तिनेच पावरीत, पोरांच्या घरच्या बोलीत, बाकीच्यांना समजावून सांगितलं, माझ्यापेक्षा सोपं करून. ती हजेरीपटावर आहे, माझ्या डोळ्यासमोर आहे, आणि हिशोबात नाही. मी हे ऑफिसात जाऊन तीनदा सांगितलं, लेखी दिलं, उत्तर एकच, सर पोर्टल जे दाखवतं तेच धरावं लागतं.

आठवतं का, १ एप्रिल २०१० ला आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायदा, लागू झाला तेव्हा आपण दोघं तळोद्याला चहा पीत किती बोललो होतो? पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत, वरच्या वर्गांना गणित-विज्ञान, भाषा, समाजशास्त्र असे वेगवेगळे शिक्षक. आपल्यासारख्या डोंगरातल्या पोरांसाठीच हा कायदा लिहिलाय असं मला तेव्हा वाटलं होतं आणि अजूनही वाटतं. कायदा चांगलाच आहे रे, तो पोराचा हक्क आहे. पण त्याच हक्काची मोजणी पटावर आणून ठेवली की जिथे वस्तीच लहान तिथे हक्कही लहान होतो. आमच्यानंतरची आठवीपर्यंतची शाळा ६ किलोमीटरवर, मधे नाला, पावसाळ्यात तीन-तीन दिवस उतरत नाही. पोरं कशीबशी जातील, काही आश्रमशाळेत जातील. पोरी घरी बसतील, हे मी १९ वर्षं इथे राहून सांगतोय. २०२३ मध्ये समूह शाळांची, म्हणजे लहान शाळा एकत्र करून एक मोठी करायची चर्चा होती तेव्हा आपल्या तोरणमाळचंच उदाहरण द्यायचे, पण तिथल्यासारखी राहायची सोय प्रत्येक पाड्याला कोण करून देणार?

त्यात दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातला निघतात. घरोघर फिरून आजीआजोबांना विनवून पोरं मागे ठेवून घेतो आम्ही. मागच्या वर्षी नऊ जण थांबवले होते. या वर्षी कोणाला काय सांगून थांबवू, मलाच इथे ठेवतील की अतिरिक्त ठरवून समायोजनात दुसऱ्या कुठल्या शाळेत टाकतील ते माहीत नाही.

आणि टीईटी, शिक्षक पात्रता परीक्षा. १ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्यापासून स्टाफमध्ये दुसरा विषयच नाही. रिटायरमेंटला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्यांनी दोन वर्षांत पास व्हायचं, नाहीतर नोकरी जाणार. मी २००६ ला ३००० रुपयांवर शिक्षणसेवक म्हणून लागलो तेव्हा टीईटी नावाची परीक्षाच नव्हती. अभ्यासाला मी भीत नाही, पेपर २ देईन, पोरांना चांगला शिक्षक मिळावा हे मलाही मान्य आहे. पण भरतीच्या वेळचे सगळे नियम पाळून आलेल्या माणसाला अर्धी नोकरी झाल्यावर अपात्र म्हणायचं हे मनाला फार लागलं, सुन्या. आमच्यातल्या एक मॅडम, सगळ्या पाड्याला वाचायला शिकवलं त्यांनी, रात्री रडत होत्या म्हणे.

घरी सांगितलेलं नाही अजून सगळं. आईला वाटतं माझी बदली होतेय, ती खूश आहे की आता शहाद्याजवळ येईल म्हणून.

तुझ्याकडे बालमानसशास्त्राच्या डीएडच्या वह्या अजून आहेत का? असतील तर भुसावळहून येणाऱ्या कोणाकडे तरी दे. आणि बुधवारी त्या पोरीला आणि तिच्या आईला घेऊन मी धडगावच्या आधार सेंटरवर चाललोय, बाकी पाच जणांचे दाखलेही सोबत घेतलेत. पोरगी फक्त एवढंच विचारत होती, सर, अंगठा घेतला की मी वर्गात धरली जाईन ना.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
रव्या