कॅलेंडरवरच्या बारा खुणा

प्रिय आई-पप्पा,

प्रभू येशूच्या अतिगोड नावात सलाम.

पप्पा, रविवारी फोनवर तुम्ही जे बोललात त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. ड्युटीला निघायची घाई होती, आणि तुमचा आवाज चढला की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे लहानपणापासूनच आहे. म्हणून लिहिते आहे. आईलाही वाचून दाखवा.

पेपरातला फोटो माझाच आहे. ओढणी डोक्याला गुंडाळून फुटपाथवर बसलेली, हातात फलक. उपासना सुटल्यावर कुणीतरी चार लोकांत तुम्हाला विचारलं, "मास्तर, तुमची मुलगी मोर्चात?" तुम्हाला ते लागलं असणार. चाळीस वर्षं तुम्ही त्या मंडळीत वचन सांगत आलात. तुम्ही मला म्हणालात, "आपल्याला पवित्र राहायला बोलावलंय. पवित्र म्हणजे वेगळं केलेलं. जगाच्या भांडणात आपलं काय काम?"

हे सगळं कुठून सुरू झालं, ते आधी सांगते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत रात्रपाळीला अपघात विभागात तीन जणांना आणलं. एका सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करायला उतरले होते. पहिला उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, त्या दोघांना काढायला तिसरा. चेंबरमधल्या वायूला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासा होतो. माणसाला वाटतं हवा बरी झाली, आणि तो कोसळतो. दोघे आणले तेव्हाच गेलेले होते. तिसरा पहाटेपर्यंत टिकला. त्याचं तोंड मी पुसत होते. अंगाला खोबरेल तेल चोपडलेलं होतं. घाण कातडीला चिकटू नये म्हणून ही माणसं उतरण्याआधी तेल लावतात. मास्क नाही, दोर नाही, नुसतं तेल.

त्याची बायको आली ती कपड्यांचं गाठोडं घेऊन. पँट, शर्ट, चपला, मोबाईल, सगळं टाकीच्या कडेला ठेवलेलं होतं. शर्टाची नीट घडी होती. ती मला म्हणाली, "ताई, ही घडी त्यांनीच घातलीय. ते कपडे कधी असेतसे टाकत नाहीत." एवढं बोलून ती फरशीवर बसली.

तिचं नाव लिहीत नाही, तिनेच तसं सांगितलंय. मी तिला वहिनी म्हणते.

पंधरा दिवसांनी ती मला शोधत आली. ठेकेदार म्हणत होता, तो आमचा माणूसच नव्हता, आमच्या हजेरीपटावर नावच नाही. मेलेल्या माणसाची बारा दिवसांची मजुरी बाकी होती, तीही द्यायला तयार नव्हता. मी तिच्या खोलीवर गेले. भिंतीवर कालनिर्णय होतं. आई, तू दुधाच्या खाड्याला जशी पेनाने खूण करतेस ना, तशीच त्या माणसाने कामाला गेलेल्या प्रत्येक दिवसाच्या चौकोनात बारीक खूण केली होती. फेब्रुवारीच्या पानावर बारा खुणा. तेराव्या दिवशी तो टाकीत उतरला, तो चौकोन कोरा आहे.

ते पान आता आमच्या अर्जाला जोडलंय.

पप्पा, माणसाला गटारात असं उतरवणं हा गुन्हा आहे. 2013 चा कायदा आहे, त्याआधी 1993 चा होता. 27 मार्च 2014 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 1993 पासून गटारात जितके मेले, त्यांच्या घरच्यांना शोधून दहा लाख रुपये द्या. ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख केली. टाकी खासगी सोसायटीची असली की आपला संबंध नाही म्हणून हात झटकले जायचे. गोवंडीत डिसेंबर 2019 मध्ये असेच तिघे गेले. त्यांच्या बायका मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, आणि सप्टेंबर 2021 मध्ये न्यायालयाने सरकारला सांगितलं, पैसे तुम्ही द्या, मग जबाबदार असेल त्याच्याकडून वसूल करा. त्या तिघींनी केलेल्या त्या वाटेवरूनच वहिनी चालते आहे. तरी वारस दाखला आणा, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट आणा, एफआयआरची प्रत पुसट आहे दुसरी आणा, साहेब मीटिंगला गेलेत, असं करत वर्ष गेलं. मग आम्ही सात-आठ जणी कार्यालयासमोर जाऊन बसलो. तोच तो फोटो.

आता तुमच्या शब्दाकडे येते. पवित्र.

तुम्ही माझ्याकडून संडे स्कूलमध्ये पवित्र शास्त्रातल्या लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय पाठ करून घेतला होता. "तुम्ही पवित्र असा, कारण मी परमेश्वर तुमचा देव पवित्र आहे." त्या वचनावर तुम्ही तासभर बोलायचात, आणि आमचं पाठांतर तिथे थांबायचं. परवा रात्री ड्युटी संपवून आले, झोप येईना, म्हणून तो अध्याय सगळा वाचला. पप्पा, पवित्र असा म्हटल्यावर देव लगेच काय सांगतो? आधी आईबापाचा मान राखा, आणि त्यातही आईचं नाव पहिलं. पुढे म्हणतो, शेताच्या कानाकोपऱ्यातलं सगळं कापून नेऊ नका, कापणीत मागे पडलेला सरवा गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. शेजाऱ्याचा जीव जात असताना नुसते उभे राहू नका. माप खरं ठेवा, तराजू खरा ठेवा. पवित्रतेच्या त्या अध्यायात शेत आहे, बाजार आहे, कज्जा आहे, मजुरी आहे. मी पुन्हा पुन्हा वाचला. वेगळं राहा याचा अर्थ या सगळ्यापासून लांब राहा असा मला तिथे कुठेच सापडला नाही. इजिप्तात तुम्हाला जसं वागवलं तसं तुम्ही कुणाला वागवू नका, या अर्थाने वेगळं.

आणि हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं असंही नाही. भुईमूग काढून झाला की गावातल्या बाया सरवा वेचायला यायच्या. एकदा मी त्यांना हुसकायला धावले तेव्हा तुम्ही माझा दंड धरलात. तुम्ही मारलं नाहीत, पण धरला जोरात. "ते त्यांचं आहे, आपलं नाही," म्हणालात. आणि तो शनिवार. कांद्याच्या काढणीला आलेल्या बायांना द्यायला सुट्टे नव्हते. त्या म्हणत होत्या, मास्तर, सोमवारी द्या, आम्ही काय पळून चाललो का? तुम्ही सायकल काढलीत, राहुरीपर्यंत गेलात, दिवेलागणीला परत आलात. चेन पडलेली, हात काळे. कंदिलापाशी बसून एकेकीच्या हातावर पैसे ठेवलेत. आई भाकरी वाढून बसली होती, तुम्ही जेवलात ते सगळ्यात शेवटी. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची, हे मी पवित्र शास्त्रात नंतर वाचलं, आधी तुमच्या हातांवरचं ग्रीस पाहिलं.

मग वहिनीच्या बारा दिवसांसाठी मी फुटपाथवर बसले तर ते जगाचं भांडण कसं झालं?

एक गोष्ट आपल्या घरात कधी बोलली जात नाही, ती आज लिहिते. रागावू नका. पणजोबा मंडळीत आले त्याआधी गावात येसकर होते. मेलेली ढोरं ओढायची, दारोदार भाकरी मागायची, हे त्यांचं काम होतं. तुम्ही म्हणता, आपण ख्रिस्ती, आपल्याला जात नाही. पणजोबांच्या हातातून ते काम सुटलं, शाळा मिळाली, तुम्ही मास्तर झालात, मी नर्स झाले, यासाठी मी प्रभूचे उपकार मानते. पण ते काम संपलेलं नाही. त्याच वस्त्यांमधल्या, त्याच घरांमधल्या माणसांकडे ते राहिलंय. त्या रात्री मी ज्याचं तोंड पुसलं तो आपल्यातलाच कुणी असता, जर त्या काळी कुणी पणजोबांना शाळेच्या ओट्यावर बसवलं नसतं तर.

आणि आपल्या नगरला ते बसवणारे होते. 1848 मध्ये जोतीराव फुले नगरला आले आणि अमेरिकन मिशनच्या मिस फरार बाईंच्या मुलींच्या शाळा पाहून गेले, हे तुम्हीच आम्हाला अभिमानाने सांगायचात. त्या शाळांना तेव्हा गावाने शिव्याच दिल्या असतील.

माजघरात पंडिता रमाबाईंचा फोटो आहे. तुम्ही त्यांच्याबद्दल सांगता ते त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या प्रार्थनेचं, 1905 च्या आत्मिक संजीवनाचं, मुली रात्र रात्र गुडघ्यांवर कशा असत त्याचं. ते सगळं खरं आहे, माझ्याही मनाचं आहे. दोन वर्षांपूर्वी मी मुक्ती पाहायला केडगावला जाऊन आले, आपल्या नगरजवळचं नव्हे, दौंडकडचं. तिथे उभी राहिले तेव्हा वाटलं, आपण या बाईची अर्धीच गोष्ट सांगत आलो. 1889 मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या त्यांत रमाबाई होत्या. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या, जवळजवळ तीनशे. भूक काय असते ते त्यांना सांगावं लागत नव्हतं, आईवडील आणि बहीण त्यांनी तशाच दिवसांत गमावली होती. 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारी छावणीत बायकांचे जे हाल चालले होते त्यावर त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. राज्य इंग्रजांचं, म्हणजे ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचंच, आणि खुद्द गव्हर्नरने त्यांचं म्हणणं फेटाळलं. तरी त्या गप्प बसल्या नाहीत. मुक्तीत आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं, टाकून दिलेल्या बायकांना छप्पर दिलं, छापखाना काढला आणि मुलींना खिळे जुळवायला शिकवलं. आणि तीच बाई म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीकमधून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणत बसली. त्यांच्यात प्रार्थना कुठे संपते आणि काम कुठे सुरू होतं, ते मला तरी सांगता येत नाही.

आई, तू फोनवर रडलीस. तुला भीती वाटते. त्या म्हाताऱ्या फादरांचं काय झालं ते तू विसरली नाहीस. स्टॅन स्वामी त्र्याऐंशी वर्षांचे होते, झारखंडच्या आदिवासींमध्ये आयुष्य घालवलेले, ऑक्टोबर 2020 मध्ये त्यांना अटक झाली. कंपवाताने हात थरथरत म्हणून पाणी प्यायला नळीचा पेला लागायचा, तो मागण्यासाठीही अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 ला वांद्र्याच्या इस्पितळात ते गेले, तेव्हा खटला उभा राहिलेला नव्हता आणि जामिनाच्या अर्जावर सुनावणी चालूच होती. त्या दिवशी तू देवघरासारखी जपलेली मेणबत्ती लावलीस, मला आठवतं. माझं काम त्यांच्या कामाच्या पासंगालाही पुरणार नाही, पण तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तू म्हणतेस, आपण ख्रिस्ती, लोक म्हणतील धर्म बदलायला आलेत. आई, मी तिथे पत्रकं वाटत नाही. वहिनी तिच्या देवाला हात जोडते, दुसरी बाबासाहेबांच्या फोटोला फूल वाहते, मी डोळे मिटते, मग आम्ही तिघी मिळून कागद लावतो. कुणी विचारलं तर मी कोण ते लपवत नाही. एवढंच.

मी थकते, हेही लिहिते. कधीकधी इतका राग येतो की प्रार्थना जमत नाही. त्या कारकुनाचं तोंड आठवून मी शिव्याशाप देते, आणि मग प्रभुभोजनाला पुढे जायला पाय उचलत नाही. तिथे मला तुमची गरज आहे, पप्पा. राग ठेवावा आणि द्वेष होऊ देऊ नये, हे कसं करतात ते तुम्ही इतकी वर्षं शाळेत, मंडळीत, भावकीत करून दाखवलंत. ते मला अजून येत नाही.

येत्या मंगळवारी अकरा वाजता सुनावणी आहे. ठेकेदाराला बोलावलंय. वहिनीला भीती वाटते की तो सगळ्यांसमोर तिला खोटी ठरवेल. तिच्या बाजूला बसायला एखादं वयस्कर, शांत माणूस असलं तर तिला धीर येईल. गुडघ्याचं दुखणं कमी असेल तर याल का? सकाळी सहाच्या एसटीने निघालात तर दहापर्यंत पुण्यात वाकडेवाडीला पोचाल. मी स्टँडवर येते. आईला सांगा, बाजरीचं पीठ दिलं तर थोडं जास्त द्यायला, वहिनीकडेही देईन.

तुमची,
बेबी